गारठलेले इंजिन

मोटारीचे इंजिन तापले म्हणजे ते कोणाला सांगावे लागत नाही. घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, वर चढणारी वाफ आणि हाती डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघालेला चालक हे चित्र बोरघाटाने पुष्कळ वर्षे पाहिले आहे. परंतु याच्या उलट जो रोग आहे, म्हणजे इंजिन जेवढे गरम व्हावयास हवे तेवढे न होणे, त्याची तक्रार घेऊन गॅरेजात जाणारा मनुष्य विरळा. आपल्यासारख्या उष्ण मुलखात गाडी थंड राहते हा तिचा गुणच मानला जातो. काटा खाली आहे ना, मग सारे क्षेम आहे, असे समजून माणसे वर्षानुवर्षे गाडी हाकतात. ही समजूत महाग पडते, आणि ज्याच्या खिशातून ती किंमत जाते तो पुष्कळदा गाडीचा मालकही नसतो.

म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. इंजिनाला उष्णता का लागते, ते गारठले आहे की नाही हे कोणत्या क्रमाने तपासावे, आणि न तपासल्याचा भुर्दंड कोण भरतो. डोळ्यांपुढे जुन्या गाड्या ठेवू. अँबॅसेडर, पद्मिनी, कार्बोरेटरची मारुती अशा. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीचे वयोमर्यादेचे दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये भरले. तरी खाजगी मालकांनी जिवापाड सांभाळलेल्या अशा गाड्या अजून आहेत, आणि त्यांचे इंजिन समजले की इतर इंजिने समजावयास कठीण जात नाहीत.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिचे ढोबळ वाटे असे पडतात: चौथ्या हिश्श्याच्या आसपास गाडी ओढण्याच्या कामी येते, सुमारे तिसरा हिस्सा पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो, आणि उरलेली बहुतेक धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडते. पाण्यावाटे जाणारी उष्णता वेळेवर काढली नाही तर पिस्टन जाम होतील, हेड वाकेल. एवढे सर्वांस ठाऊक असते. त्यावरून लोक असा निष्कर्ष काढतात की जितकी अधिक उष्णता काढावी तितके बरे. तेथेच चूक होते. चुलीवरचा भात करपू नये म्हणून जाळ कमी करावा हे खरे. पण जाळच काढून घेतला तर भात शिजणार नाही. इंजिनाचेही एक शिजण्याचे तापमान आहे. पाण्याचे म्हणाल तर ते सामान्यतः ८० ते ९५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे लागते.

त्याखाली राहिल्यास काय होते? पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. गार इंजिनात त्याचे थेंब तसेच राहतात. ते सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि तेथील ऑईलचा पातळ थर धुऊन टाकतात. मग रिंगा कोरड्या भिंतीवर घासतात. उरलेले कच्चे पेट्रोल रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरते व ऑईल पातळ करते. डिपस्टिक काढून पाहावी तो ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली! अशा वेळी काही जण खूष होतात की आपली गाडी ऑईल खात नाही. वास्तविक ती ऑईलमध्ये पेट्रोल कालवीत असते. डिपस्टिक नाकाशी धरली की वास येतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऐकून नवल वाटेल, पण एक लिटर पेट्रोल पुरते जळले म्हणजे त्यातून सुमारे एक लिटरच पाणी निर्माण होते. पेट्रोलमधील हायड्रोजन आणि हवेतील प्राणवायू यांचे ते अपत्य. इंजिन गरम असेल तर हे पाणी वाफ होऊन धुराबरोबर निघून जाते. भिंती गार असतील तर पावसाळ्यात पितळी तांब्यावर पाणी जमते तसे ते भिंतीवर जमते, आणि जळण्यातून निघालेल्या आम्लांना घेऊन लोखंड खाऊ लागते. इंग्लंडातील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्स या संस्थेने १९३० च्या दशकात सिलिंडरच्या झिजेवर जे संशोधन केले त्यातून हेच दिसले की गार भिंतीची झीज गरम भिंतीपेक्षा कितीतरी अधिक होते, आणि तिचे मोठे कारण गंज हे आहे. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे जे पेट्रोल मिळते त्यात गंधक अगदी नाममात्र आहे, त्यामुळे आम्लाचा त्रास पूर्वीपेक्षा कमी झाला. पाणी मात्र आहे तेवढेच निघते. ऑईल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळसर, सायीसारखा चिकटा धरलेला दिसला, तर ते पाणी ऑईलमध्ये घुसळले गेल्याची खूण समजावी. हेड गॅस्केट गेले असतानाही असा चिकटा दिसतो. म्हणून रेडिएटरचे पाणी विनाकारण कमी होते की काय, हेही त्याबरोबर पाहावे.

आता हे तापमान राखतो कोण, ते पाहू. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, अगदी आरंभीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याला पंपही नव्हता व अडसरही नव्हता. गरम पाणी हलके म्हणून वर चढे, गार पाणी जड म्हणून खाली उतरे, आणि फेरा चाले. पुढे पंप आला. पंप म्हणजे न थकणारा गडी. इंजिन सुरू झाले की तो पाणी फिरवीत सुटणार, मग ते तापलेले असो की गार. त्याला आवर घालण्यासाठी इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर एक दार बसविले. त्या दाराचे नाव थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅट ही तळहातावर मावणारी चकती आहे. जुन्या प्रकारात चटकन वाफ होणाऱ्या द्रवाने भरलेला, भात्यासारखा घड्यांचा डबा असे. नंतर मेणाची कुपी आली. अमेरिकेतील सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात तिचा शोध लावला. कुपीतील मेण ठराविक तापमानाला वितळते, वितळताना फुगते आणि एका दांड्यावर जोर देऊन दार उघडते. निवले की स्प्रिंग दार मिटवते. वीज नको, तार नको, कोणाचा हुकूम नको. पाणी गार असेतो दार बंद राहते व ते पाणी इंजिनातल्या इंजिनात तापते. तापले की दार हवे तेवढे उघडून रेडिएटरची वाट मोकळी होते. दार कोणत्या अंशाला उघडू लागते तो आकडा चकतीवर कोरलेला असतो. पुष्कळ गाड्यांत तो ८२ असतो.

आपल्याकडे इंजिन गारठण्याचे सर्वांत मोठे कारण हे की हे दार उघडे अडकलेले असते, किंवा ते जागेवरच नसते. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये घातले की क्षार धरतात, गंजाचा गाळ होतो, आणि दार कधी मिटलेले अडकते तर कधी उघडे. मिटलेले अडकले की गाडी उकळते. मग मिस्त्री चकती काढतो, चालकापुढे धरतो आणि म्हणतो, "ही थंड देशातली वस्तू, आपल्याला हिची गरज नाही." गाडी उकळावयाची थांबते, मिस्त्री शहाणा ठरतो, आणि ते दार कायमचे गॅरेजच्या कोपऱ्यात जाते.

ही वस्तू थंड देशातली, हे म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे. अँबॅसेडरचे जुने १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या घराण्यातले, त्या घराण्याच्या इंजिनांसाठी कारखाना तीन प्रकारचे थर्मोस्टॅट सांगत असे: नेहमीसाठी ८२ अंशांचा, थंड मुलखासाठी ८८ अंशांचा आणि उष्ण मुलखासाठी ७४ अंशांचा. म्हणजे उष्ण देशाचा विचार झाला होता, आणि त्याचे उत्तर लवकर उघडणारे दार असे होते. दारच नको, असे कारखान्याने म्हटले नव्हते.

दार काढणे हे काही इंजिनांत धोक्याचेही ठरते. पुष्कळ इंजिनांत रेडिएटर टाळून पाणी परत पंपाकडे नेणारी एक आडवाट असते. काही रचनांत थर्मोस्टॅट उघडताना ती आडवाट बुजवतो. तो काढला की आडवाट सदा उघडी राहते, पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न भेटताच फिरत राहतो, आणि सपाटीवर गारठणारी तीच गाडी घाटात पुन्हा उकळते. यावर काही जण सांगतात की पाणी रेडिएटरमधून फार जलद गेले, त्याला निवावयास वेळ मिळाला नाही. हे खरे नव्हे. पाणी जलद फिरले तर रेडिएटर उष्णता अधिकच टाकतो. दोष वेगाचा नसून चुकलेल्या वाटेचा आहे.

आता तपासण्याचा क्रम सांगतो. क्रम अशासाठी की ज्याला पैसा लागत नाही ते आधी करावे आणि ज्याला पैसा लागतो ते शेवटी.

प्रथम लक्षणे एकत्र मांडावी. सकाळी पाच-सात किलोमीटर गेल्यावरही चोक ओढून ठेवावा लागतो काय? प्लग काढून पाहिले तर कोरड्या काजळीने काळे आहेत काय? गाडी पूर्वीपेक्षा पेट्रोल अधिक पिते काय? आणि सर्वांत बोलकी खूण ही: शहराच्या गर्दीत काटा मध्यावर येतो, पण मोकळ्या रस्त्यावर वारा लागताच खाली पडतो काय? असे होत असेल तर दार उघडे असल्याचा संशय बळकट होतो. मात्र घाट उतरताना पाय वर घेतलेला असतो, इंजिन उष्णता थोडीच निर्माण करते. तेवढ्यापुरता काटा थोडा उतरला तर तो दोष समजू नये. तसेच ज्याची गाडी रोज दोन किलोमीटरच चालते त्याचे इंजिन निर्दोष असूनही कधी पुरते तापणार नाही. त्याने आठवड्यातून एकदा तरी तिला लांबचा फेरा घडवावा.

दुसरे, पाण्याची पातळी. ही इंजिन पुरते गार असतानाच पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. ते झाकण पाणी दाबाखाली ठेवते, म्हणून आत शंभर अंशांच्या वर गेलेले पाणीही उकळत नाही. झाकण काढताच ते एकदम उसळते आणि तोंड भाजते. पातळी आधी पाहावयाचे कारण असे की पाणी कमी असेल तर तापमान सांगणारा सेन्सर हवेत उघडा पडतो व काटा खोटेच गार दाखवतो. इंजिन आत जळत असते आणि काटा झोपलेला असतो. गार दिसणाऱ्या काट्याचा हा सर्वांत घातकी प्रकार होय.

तिसरे, काटा खरे बोलतो काय? काही जुन्या गाड्यांत पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा यांना एकच लहान यंत्र ठराविक दाबाची वीज पुरवते. दोन्ही काटे एकाच वेळी खाली राहू लागले असतील तर इंजिनाला हात लावू नये. दोष त्या यंत्रात किंवा त्याच्या तारेत आहे. एकटा तापमानाचा काटा मेल्यासारखा पडून असेल, आणि तो एका तारेच्या विजेच्या सेन्सरचा असेल, तर चावी चालू ठेवून सेन्सरची तार सोडवावी व क्षणभरच इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवावी. काटा चढू लागला तर काटा व तार शाबूत, सेन्सर तपासावयाचा. हल्ली पिस्तुलासारखे धरून दुरून तापमान सांगणारे यंत्र बहुतेक गॅरेजांत असते. ते थर्मोस्टॅटच्या घराच्या भिंतीवर रोखले की वाद मिटतो.

चौथी परीक्षा हाताची. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी आणि इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या बाजूस जाणाऱ्या जाड रबरी पाइपावर हात ठेवावा. पंखा व पट्टा यांपासून बाही, पदर, उपरणे दूर ठेवावे. दार नीट असेल तर काही मिनिटे पाइप गार राहील आणि मग थोड्या वेळात एकदम गरम होईल. पहिल्या मिनिटापासूनच तो कोमट, अधिक कोमट असा हळूहळू तापत गेला, तर दार उघडे आहे किंवा जागेवर नाही. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

पाचवी परीक्षा स्वयंपाकघरातली. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा. तळाला टेकू देऊ नये. शेजारी तापमापक सोडावा. गार पाण्यात दार घट्ट मिटलेले हवे. पाणी तापवीत न्यावे आणि दार कोणत्या अंशाला उघडू लागते ते चकतीवरच्या आकड्याशी ताडून पाहावे. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. दार गार पाण्यातही फटीने उघडे असेल तर ते घासत बसू नये, नवे आणावे. बसवताना कुपीची बाजू इंजिनाकडे ठेवावी, गॅस्केट नवे घालावे, आणि आधी सारे पाणी काढून गाळ धुवावा. मग विहिरीच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी व गंजरोधक कूलंट भरावे. नाही तर नव्या दाराचीही तीच गत होईल.

एवढे करूनही गाडी गार राहिली तर पंख्याकडे वळावे. विजेचा पंखा असेल तर तो सकाळच्या गार इंजिनातही फिरत असतो काय ते पाहावे. उकळण्याच्या भीतीने तो थेट चावीला जोडून ठेवण्याची चाल फार आहे. ज्या नंतरच्या गाड्यांत पेट्रोलचे माप संगणक ठरवतो, तेथे आणखी एक सेन्सर संगणकाला तापमान कळवतो. तो बिघडून सदा गार सांगू लागला तर इंजिन गरम असूनही संगणक त्याला गार समजून जास्तीचे पेट्रोल पाजत राहतो. आणि सीएनजीच्या गाडीत दाब उतरवणारे जे यंत्र असते, त्यातून गॅस फाकताना ते गारठते. त्याला ऊब इंजिनाच्या गरम पाण्याची मिळते. पाणीच गार असेल तर त्या यंत्रावर दव नि बर्फ धरून गाडी अडखळते. गॅसच्या गाडीला थर्मोस्टॅट नको, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता हिशेब. आमचे आयुष्य मोटार कामगारांच्या संघटनेत गेले, म्हणून या दाराकडे आम्ही केवळ यंत्राचा भाग म्हणून पाहू शकत नाही. भाड्याने टॅक्सी चालवणारा चालक मालकाला रोजचे ठरलेले पैसे देतो आणि पेट्रोल वा गॅस आपल्या पदरचा भरतो. गाडी उकळून हेड गेले तर खर्च मालकाचा. गाडी गार राहून पेट्रोल अधिक पिऊ लागली तर खर्च चालकाचा. तेव्हा थर्मोस्टॅट काढून टाकण्यात मालकाला त्याची स्वतःची सुरक्षितता दिसते आणि भुर्दंड दिसत नाही. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. गाडी लिटरला १२ किलोमीटर देत होती, ती ११ देऊ लागली. एवढा फरक सहजी कोणाच्या लक्षात येणार नाही. रोज १२० किलोमीटर धावल्यास पूर्वी १० लिटर लागत, आता १०.९ लागतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर बावीस-तेवीस लिटर पेट्रोल जास्त जळाले. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरा. दोन हजारांच्या वर रुपये दरमहा एका कुटुंबाच्या डब्यातून गेले, आणि ते वाचवणारी वस्तू काही शे रुपयांची. मालकाचेही शेवटी नुकसानच आहे. गारठलेल्या इंजिनाच्या रिंगा आणि सिलिंडर लवकर झिजतात, इंजिनकाम अकाली निघते. परंतु ते पुढे केव्हा तरी निघते, म्हणून आज कोणी मोजत नाही.

मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. त्याला गाडी संध्याकाळपर्यंत दारातून बाहेर काढावयाची असते. उकळणारी गाडी थांबवली की त्याचे काम झाले. क्षार का धरले, आडवाट कोठे आहे, आकडा कोणता हवा, हे शोधावयास लागणाऱ्या तासांची मजुरी त्याला कोणी देत नाही. ती द्यावयाची तयारी गिऱ्हाईकाने ठेवली पाहिजे. ज्या चालकाच्या पदरचे पेट्रोल जळते त्याला थर्मोस्टॅट आहे की नाही हे मालकाला विचारण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि गाडी भाड्याने घेताना इतर गोष्टींबरोबर हीही ठरवून घेतली पाहिजे. चार-पाच जणांनी मिळून विचारले तर मालक ऐकतो, असा आमचा अनुभव आहे.

आपणांपैकी ज्यांच्या घरी जुनी गाडी असेल त्यांनी उद्या सकाळी, ती गार असतानाच, बॉनेट उघडावे. पाणी पाहावे, ऑईलच्या झाकणाची आतली बाजू पाहावी, डिपस्टिकचा वास घ्यावा आणि इंजिन सुरू करून त्या वरच्या पाइपावर दहा मिनिटे हात ठेवावा. मग मिस्त्रीकडे जावे आणि दोनच प्रश्न विचारावे: आत थर्मोस्टॅट आहे काय, आणि असल्यास किती अंशांचा?